मणिमहलची तुळसक्का

तुळसक्काला माणसांची तोंडं लक्षात राहत नसत, पाय राहत. बंगळूरच्या चिकपेट बाजारातल्या गर्दीत मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले तरी ती क्षणभर कोऱ्या नजरेनं बघायची. मग नजर खाली जायची आणि ती म्हणायची, "अय्यो, मल्लेश्वरमच्या वैनी." माझ्या उजव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली आहे. हे माझ्या सासूबाईंच्याही कधी ध्यानात आलं नव्हतं.

हे तिच्या कामामुळं झालं होतं. मणिमहल टॉकीजच्या बाल्कनीत बायकांची बसायची जागा वेगळी होती आणि तिथल्या दारावर तुळसक्का असायची. उशिरा येणाऱ्या बायकांना ती बॅटरीच्या उजेडात त्यांच्या जागेपर्यंत न्यायची. बॅटरीच्या काचेवर तिनं तांबड्या कापडाचा तुकडा बांधला होता आणि उजेडाचा तो फिकट गोळा कायम जमिनीवर असायचा. कुणाच्या तोंडावर बॅटरी मारायची नाही हा तिचा नियम होता. "बाई पिक्चरला येते म्हणजे स्वल्प लपायलाच आलेली असते," ती म्हणायची. "तिचं तोंड बघून मला काय करायचंय?"

लग्न होऊन मी साताऱ्याहून बंगळूरला आले, ती भाषेप्रमाणं राज्यांच्या सीमा आखल्या जात होत्या त्या सुमाराला. माझे यजमान एका सरकारी कारखान्यात इंजिनियर होते. सकाळी कारखान्याची बस त्यांना घेऊन जायची आणि संध्याकाळी आणून सोडायची. मधला सगळा दिवस मी मल्लेश्वरमच्या दोन खोल्यांत बसून असे. कानडी एक अक्षर येत नव्हतं. शेजारच्या बाईंनी माझी दया येऊन एका बुधवारी मला मणिमहलला नेलं. बुधवारी दुपारचा खेळ फक्त बायकांसाठी असायचा. आम्हाला उशीर झाला होता. अंधारात पायऱ्या चाचपत असताना पायांशी तांबडा उजेड पडला, तो माझ्या बोटांवर थोडा थांबला आणि कुणीतरी हळूच मराठीत म्हणालं, "इकडं या की, भिंतीच्या कडंनं. साताऱ्याकडच्या काय तुम्ही?"

माझ्या पायाच्या बोटांतल्या विरोल्यांची घडण बघून तिनं ओळखलं होतं. परक्या गावात आल्याला मला चार महिने झाले होते आणि घराबाहेर ऐकलेलं ते पहिलं मराठी वाक्य होतं.

तिचं मराठी मात्र तिचं स्वतःचं होतं. तिचे वाडवडील कुठल्यातरी पलटणीबरोबर इकडं आले ते इथंच राहिले. मूळ गाव कुठलं हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. तिच्या बोलण्यात 'स्वल्प' आणि 'सरी' हे दोन कानडी शब्द सारखे येत. स्वल्प सरका, स्वल्प गप्प बसा, पोराला स्वल्प बाहेर न्या. 'सरी' म्हणजे ठीक आहे, पण तुळसक्काच्या तोंडी त्याचे पाच-सहा अर्थ होत. कबूल असलं तरी सरी, पटलं नाही तरी सरी, आणि बोलणं संपलं, आता तुम्ही जा, यालाही सरीच.

उंच, हाडकुळी बाई. अंगावर विटकरी नाहीतर हिरवं नऊवारी, कपाळावर ठसठशीत कुंकू. घरी ती एकटी असायची. कुणी नवऱ्याचं विचारलं तर, "कँपला गेलेत," एवढंच सांगायची. बंगळूर हे लष्कराचं गाव. मला वाटलं, नवरा फौजेत असेल. वर्षानुवर्षं एखादा शिपाई रजेवर येत नाही हे विचित्र आहे, असं माझ्या मनात कधी आलं नाही. मी तेव्हा बावीस वर्षांची होते.

मणिमहल ही इमारत युद्धाच्या आधीची. पुढच्या बाजूला दोन घुमट, त्यांच्यामध्ये चुन्यात घडवलेले मोर, बाल्कनीकडं जाणाऱ्या जिन्याला पितळी कठडा. बायकांच्या जागेपुढं जाड मखमलीचा जांभळा पडदा होता. दिवे लागले की तुळसक्का तो ओढून घ्यायची, म्हणजे खालच्या पुरुषांना वरच्या बायका दिसू नयेत. दिवे गेले की पुन्हा बाजूला सारायची. पडदा उघडला की ती कठड्यापाशी उभी राहायची, पण चित्रपटाकडं पाठ करून, आमच्याकडं तोंड करून. मी एकदा विचारलं, "अक्का, तुम्ही कधीच बघत नाही का?"

"मी पिक्चर बघत बसले तर बायकांकडं कोण बघणार?"

अशी ती रोज उभी असे. त्यामुळं झालं असं की एकही चित्रपट न बघता तिला प्रत्येकाची पारख होती. अंधारात, पडद्यावरून परतणाऱ्या उजेडात, तिला आमचे चेहरे दिसत. हे चेहरे ती विसरून जायची, पण ते काय करत होते ते विसरायची नाही. पहिल्या दोन दिवसांत तिचा निकाल तयार असे. "चांगलं आहे. मध्यंतरात कुणी चहाला उठलं नाही." किंवा, "शेवटाला वेण्या सोडून परत बांधत होत्या. आठवडाभरच चालेल." मालकसुद्धा नवीन चित्रपट लागला की वर येऊन तिला विचारून जात.

एका बुधवारची गोष्ट मला चांगली आठवते. खेळ सुरू होऊन अर्धा तास झाला असेल. खालून एक गृहस्थ मॅनेजरना घेऊन वर आले. कोट, टोपी, हातात छत्री. त्यांची बायको घरात न सांगता इथं येऊन बसली आहे, तिला बाहेर काढा, असं त्यांचं म्हणणं. मॅनेजर गोंधळलेले. दिवे लावायला लावावेत तर दोनशे बायका ओरडतील. मी दाराजवळच्याच खुर्चीवर होते, म्हणून मला सगळं ऐकू आलं. तुळसक्का दारात आडवी उभी राहिली.

"बाप्यांना आत सोडत नाही, साहेब. मी बघून येते. कशी आहे बाई?"

"गोरी आहे. नाक सरळ आहे."

"मी तोंडं बघत नाही. पाय कसे आहेत सांगा."

"पाय?"

"जोडवी एकपदरी का दुपदरी? टाचा फुटलेल्या आहेत? चप्पल घालते का अनवाणी येते?"

गृहस्थांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली.

"लग्नाला किती वर्षं झाली?"

"सहा."

"सरी," तुळसक्का म्हणाली. "मग खेळ सुटेपर्यंत खाली थांबा आणि तोंड बघून ओळखा."

मॅनेजरनी त्यांना खाली नेलं. तुळसक्का आत आली, सरळ तिसऱ्या ओळीत गेली आणि एका मुलीच्या खांद्यावर हात ठेवला. मध्यंतराच्या जरा आधी तिनं तिला मागच्या लोखंडी जिन्यानं उतरवलं आणि मला सोबत पाठवलं. मी त्या मुलीला तिच्या मावशीच्या दारापर्यंत पोचवून आले. वाटेत ती एकच वाक्य बोलली. म्हणाली, मी आल्याबरोबर त्या बाईंनी मला विचारलं होतं, आज धावत का आलीस, एका पायातच चप्पल आहे.

पुढं काही वर्षांत मणिमहलचे दिवस फिरले. बसस्टँडच्या बाजूला मोठ्या पडद्याची नवी चित्रपटगृहं झाली आणि चांगले चित्रपट तिकडं जाऊ लागले. आमच्या वाट्याला जुनी, घासलेली रिळं येत. चेहऱ्यांवरून पाऊस पडल्यासारख्या रेघा दिसत. मालकांचे वडील नाटकवेडे होते, ते रक्त मालकांतही असावं. सगळीकडं नाटकाची थिएटरं मोडून टॉकीज होत असताना आमचं मणिमहल उलट्या वाटेनं निघालं. मालकांनी ठरवलं, चित्रपट बंद, आता इथं नाटकं होतील. एक कानडी नाटक कंपनी सहा महिने मुक्काम करायला तयार होती.

पांढरा पडदा उतरवला तेव्हा मी मुद्दाम बघायला गेले होते. इतकी वर्षं ज्याच्यावर समुद्र आणि राजवाडे पाहिले, त्याच्यामागं ओल आलेली साधी भिंत होती. पुढच्या स्वस्त बाकांच्या सात ओळी काढून तिथं लाकडी रंगमंच बांधला. मशीन चालवणारा दुसऱ्या टॉकीजमध्ये गेला. आणि मालकांनी जाहीर केलं की आता बायका-पुरुष वेगळे बसणार नाहीत, कुटुंबं एकत्र बसतील. बायकांचा पडदा राहणार नाही, म्हणजे तो पडदा ओढणाऱ्या बाईचंही काम राहणार नाही. तुळसक्काला त्यांनी उगादीपर्यंत, म्हणजे पाडव्यापर्यंत, राहायला सांगितलं.

"सरी," ती म्हणाली.

मी तिला विचारलं, आता काय करणार? तिनं खांदे उडवले. पण नाटक कंपनी हे शब्द निघाले की तिचा चेहरा बंद व्हायचा, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं. "पिक्चरातली माणसं बरी," ती म्हणाली. "खेळ झाला की डब्यात जातात. गावाला जात नाहीत."

कंपनीचे चालक रंगप्पा मास्तर. भारदस्त माणूस, राजाची कामं करणारा. तालमीच्या पहिल्याच दिवशी लक्षात आलं की काहीतरी चुकतंय. मणिमहल कर्ण्यांसाठी बांधलेलं होतं, माणसाच्या गळ्यासाठी नाही. मास्तर बोलत ते छताला लागून परत येई आणि दोन शब्द एकमेकांत मिसळत. मास्तर आणखी जोरानं बोलत, तसा गोंधळ वाढे. त्यांना वाटलं आवाज पोचतोय, कारण तो त्यांना स्वतःला मोठा ऐकू येत होता. पहिले दोन प्रयोग तसेच झाले. मास्तर चिडून म्हणाले, या गावच्या बायका नाटकात गप्पा मारतात.

तुळसक्का रंगमंचापाशी गेली. ती त्यांच्याशी कानडीत बोलली, पण मला तिनं नंतर शब्दन्शब्द सांगितलं.

"मास्तर, बायका कंटाळल्या की वेणी सोडतात. गप्पा मारायला लागल्या म्हणजे त्यांना ऐकू येत नाही. चौथ्या ओळीच्या मागं तुमची नुसती दाढी हलताना दिसते."

तीस वर्षं राजा झालेल्या माणसाला कुणी असं बोललं नसेल. ते तोंड फिरवून निघून गेले. दुसऱ्या दिवशी मात्र स्वतः बाल्कनीत येऊन बसले आणि खाली दुसऱ्याला बोलायला लावलं. वीस मिनिटं बसले. मग म्हणाले, "बाई, मग करायचं काय?"

तुळसक्कानं जांभळ्या पडद्याकडं बोट दाखवलं. पावसाळ्यात तो पडदा दमट होऊन जड झाला की चित्रपटाचा आवाज बसका यायचा, हे तिनं इतक्या वर्षांत ऐकून ठेवलं होतं. तो काढून मागच्या भिंतीवर ताणून लावा, उरलेल्या जागेत कापसाच्या गाद्या टांगा, आवाज परत फिरणार नाही, असं तिचं म्हणणं. शिडी आणली. पडदा तिनं स्वतःच्या हातांनी उतरवला, एकेक कडी सोडवत. पंधरा-सोळा वर्षं तिनं तो रोज ओढला होता. खाली उभे असलेले मालक बघत होते. पडदा भिंतीवर गेला, चिकपेटच्या गादीवाल्याकडून गाद्या आल्या आणि मास्तरांचं साधं बोलणंसुद्धा वरच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचलं.

उगादी आली आणि गेली. तुळसक्काला कुणी जा म्हटलं नाही. तिच्या कामाला नावही नव्हतं. बाल्कनीच्या कठड्यापाशी रंगमंचाकडं पाठ करून ती पूर्वीसारखीच उभी राहायची, आणि अंक संपला की नट रंग न पुसता वर येऊन विचारायचे, आज कसं झालं? बुधवारचा बायकांचा खेळही मालकांनी चालू ठेवला.

याच काळात आमच्या मराठी मंडळानं मणिमहलला नाटक करायचं ठरवलं. आम्ही सगळे हौशी. कारखान्यातले इंजिनियर, संशोधन संस्थेतले दोघे, आणि बायकांत मी आणि आणखी एक. मी आईचं काम करत होते. दुसऱ्या अंकात मुलगा घर सोडून जातो आणि मी रडते. मी फार मनापासून रडत असे. तालमीनंतर तुळसक्काला विचारलं. तालमीला तेव्हा आमच्याच घरच्या दहा-बारा जणी बसल्या होत्या.

"तुम्ही रडता तेव्हा कुणी रडत नाही, वैनी," ती म्हणाली. "त्याच्या आधी तुम्ही त्याचं ताट उचलून विसळता ना, तेव्हा तिघींनी पदर डोळ्यांना लावला."

मी रडणं काढून टाकलं. ताट विसळायचं ठेवलं.

त्या नाटकाला स्वयंपाकघराचा पडदा लागणार होता, चित्रकारानं रंगवलेला, मागं सोडायचा. तोवर मणिमहलमध्ये दुसरी कंपनी उतरली होती आणि तिच्याबरोबर तिचा पडदे रंगवणारा चित्रकार होता. रंगमंचामागच्या शेडमध्ये तो काम करायचा. त्यालाच सांगावं असं ठरलं आणि ते काम माझ्याकडं आलं. मी निघाले तर तुळसक्कानं मला जिन्यात थांबवलं.

"वैनी, मीपण येते. एकटी गेले तर बोलायचं राहून जाईल."

मग तिथंच, पितळी कठड्याला टेकून, तिनं मला सांगितलं. तीन आठवड्यांपूर्वीच्या बुधवारी खेळ चालू असताना एक पुरुष जिना चढून वर आला होता. आपण रंगवलेला पडदा लांबून कसा दिसतो ते बघायचं आहे, म्हणाला. बाप्यांना सोडत नाही, असं म्हणत तिनं बॅटरी खाली धरली. डाव्या पायाच्या अंगठ्याला अर्धंच नख होतं. त्याच्यावर निळा रंग सुकलेला होता. तो 'बरं' म्हणून खाली गेला. अंधारात त्यानं तिला ओळखलं नाही.

तुळसक्काचा नवरा, नरसोजी. फौजेतला नव्हे. नाटक कंपन्या आपल्या मुक्कामाला कँप म्हणत. सतरा वर्षांपूर्वी एका कंपनीबरोबर तो पडदे रंगवायला गेला, हुबळीचा कँप संपला की येतो असं सांगून. पहिल्या वर्षी दोन पत्रं आली. नंतर काही नाही.

"तुम्ही शिकलेल्या आहात," ती मला म्हणाली. "सतरा वर्षांनी माणूस समोर आला तर त्याला पहिलं काय म्हणायचं?"

आम्ही जिना उतरलो.

शेडमध्ये दुपारचं ऊन तिरपं येत होतं. रंगात कालवायच्या सरसाचा वास भरला होता. एक बारीक, पिकल्या केसांचा माणूस जमिनीवर पसरलेल्या कापडावर उकिडवा बसून, नाक जवळजवळ टेकवून, पानं रंगवत होता. त्याची नजर कमी झाली आहे हे लगेच कळत होतं. तुळसक्का त्याच्यापुढं उभी राहिली. त्यानं वर पाहिलं, डोळे बारीक केले.

"तुळसा," तो म्हणाला.

"हुबळीचा कँप संपल्यावर येतो म्हणाला होतात."

तो बराच वेळ कुंचला पुसत राहिला. "संपलाच नाही कँप. एकातून दुसरा निघत गेला. मग इतका उशीर झाला की, यायचं तर काय सांगत यायचं. तू देवनहळ्ळीला भावाकडं गेली असशील असं धरून चाललो होतो."

"चिकपेटच्या खोलीतच आहे. पत्ता बदलला नाही."

त्यानं कुंचला खाली ठेवला. तुळसक्कानंच विचारलं, "दुसरं घर केलंत?"

"गदगला होतं. ती गेली दोन वर्षांपूर्वी."

"मुलं?"

"नाहीत."

"सरी," तुळसक्का म्हणाली. हा सरी मी आधी कधी ऐकला नव्हता. मग ती म्हणाली, "जेवण झालं का?"

त्यानं मान हलवली, झालं की नाही ते कळलं नाही. मग तो खाली बघून म्हणाला, "आता येऊ का घरी?"

"नाही."

"एकटीच राहतेस ना?"

"हो. म्हणूनच."

एवढं बोलून ती माझ्याकडं वळली आणि म्हणाली, "वैनी, तुमचं पडद्याचं सांगा." मी कसंबसं सांगितलं, स्वयंपाकघर हवं, साधं, गरीब घरातलं, आठ दिवसांत. तो 'हो' म्हणाला. परतताना जिन्यात तुळसक्का दोन पायऱ्या चढून बसली. मी शेजारी बसले. ती रडली नाही. कमरेची बॅटरी काढून तिनं काचेवरचं तांबडं कापड सोडलं आणि पुन्हा घट्ट बांधलं.

आठ दिवसांनी आमचा पडदा वरून सोडून बघितला. मातीची चूल, तिच्यावर काळपटलेली भिंत, एक छोटी खिडकी, खिडकीतून समोरच्या कापडदुकानाची फळकुटं, उजव्या हाताला फळीवर पितळेचे चार डबे. आम्हाला इतकं चांगलं चित्र अपेक्षितच नव्हतं. आमची मंडळी वाहवा करत असताना तुळसक्का बाल्कनीतून खाली उतरली, मधल्या वाटेनं चालत रंगमंचापाशी आली आणि पडदा बघत उभी राहिली. मला वाटतं त्या रंगमंचावरचं काहीही तिनं नीट असं त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिलं. नरसोजी शिडीपाशी उभा होता.

"फळी डावीकडं आहे," ती म्हणाली.

"उजवीकडं होती."

"तुम्ही त्या खोलीत दीड वर्ष राहिलात. मी अजून राहते."

आमच्यातल्या बाकी कुणाला काही कळलं नाही. मला कळलं आणि मी तोंड फिरवलं. नरसोजी शिडी चढला. दुपारभर खपून त्यानं उजवीकडची फळी भिंतीच्या रंगानं झाकली आणि डावीकडं नवी काढली. डबे काढताना तो एकदा थांबला. तुळसक्का खालून म्हणाली, "तीनच. चौथा फुटाणे ठेवायचा होता, तो गळायला लागला." त्यानं तीनच काढले.

आमचं नाटक चांगलं झालं. मी दुसऱ्या अंकात तिच्या खोलीत उभी राहून ताट विसळलं. वर कठड्यापाशी ती होती, आमच्याकडं पाठ करून, बायकांकडं बघत. अंक संपल्यावर मी वर गेले. ती म्हणाली, "सगळं बरोबर झालं."

कंपनीचा मुक्काम संपला. सामान बैलगाड्यांतून स्टेशनला गेलं, पडदे बांबूंवर गुंडाळले गेले. नरसोजी गेला नाही. इतक्या कमी नजरेचा चित्रकार कंपनीलाही नको होता. मालकांनी त्याला मणिमहलचे स्वतःचे पडदे रंगवायला ठेवून घेतलं आणि शेडमागची खोली राहायला दिली. हे तुळसक्कानं मालकांना सांगून केलं की मालकांनी आपण होऊन, ते मी विचारलं नाही. दुपारी ती येताना दोन डबे घेऊन यायची. एक ती वर बाल्कनीत खायची, दुसरा शेडच्या दाराशी ठेवून जायची. रिकामा डबा घासून, पालथा घालून नरसोजी परत तिथंच ठेवायचा. थिएटरातली माणसं बोलत. कुणी म्हणे, नवराच आहे तर घरी का नेत नाही. कुणी म्हणे, असल्याला डबा तरी का देते. तिच्या तोंडावर कुणी विचारलं की ती 'सरी' म्हणायची आणि विचारणारा वाटेला लागायचा.

मला एकदाच तिनं काही सांगितलं, तेही मी न विचारता. आम्ही दोघी मखमलीच्या त्या पडद्याखाली बसून शेंगा खात होतो. "राग होता तोवर सोपं होतं, वैनी. बारा-तेरा वर्षं पुरला. नंतर संपला, तरी मी आहे आहे म्हणून धरून बसले. आता तो माणूस समोर आला तर बघते, काहीच नाही. नुसता एक म्हातारा, डोळ्यांनी नीट दिसत नसलेला." मग टरफलं पदरात गोळा करत म्हणाली, "पण खोली माझी आहे. त्यात येऊ देणार नाही."

साठाच्या दशकाच्या अखेरीला यजमानांची बदली नाशिकला झाली. निघायच्या आठवड्यात मी दोनदा मणिमहलला जाऊन आले. दोन्ही वेळा तुळसक्का भेटली नाही. बाहेर गेली आहे, कापड आणायला गेली आहे, असं सांगितलं. नव्या नाटकाच्या पडद्यांची घाई चालू होती. निरोप ठेवून मी परतले.

मग निघायच्या आदल्या दिवशी, चिकपेटमधून बसनं जाताना, ती मला दिसली. सकाळचे अकरा वाजले असतील. रस्ता हातगाड्यांनी आणि हमालांनी गच्च भरला होता आणि बस मुंगीच्या पावलानं सरकत होती. फुटपाथवरून तुळसक्का चालली होती. तिच्या खांद्यावर लांबलचक बांबूचं पुढचं टोक होतं. बांबूवर कोरं, पांढरं कापड गुंडाळलेलं. मागचं टोक नरसोजीच्या खांद्यावर. त्याची नजर आता जवळजवळ गेली असावी, कारण मान एका बाजूला कलती ठेवून तो ऐकत चालला होता. बांबू वळला की तो वळत होता, थांबला की थांबत होता.

मी खिडकीतून हाक मारली. गोंगाटात तिला ऐकू गेली नाही. पुढं गटाराचं तोंड उघडं पडलं होतं. ती थांबली, पलीकडं गेली आणि मागं न बघता काहीतरी म्हणाली. एकच शब्द असावा. नरसोजीनं बांबू घट्ट धरला, पाय नेहमीपेक्षा उंच उचलला आणि ओलांडून आला. बांबू एकदा डळमळला. तो स्थिर होईपर्यंत ती उभी राहिली. तेवढ्यात बसला वाट मिळाली.